टेट्रा पॅक, टिन, पावडर की ताजा रोस: गोव्याच्या कडीला कुठलं नारळाचं दूध घ्यावं

विकतचं नारळाचं दूध घेताना गोव्यातल्या घरांत पहिला प्रश्न येतो तो फुटण्याचा. त्याचं उत्तर सरळ देता येतं. टेट्रा पॅकमधलं दूध सहसा फुटत नाही, टिनमधलं क्वचित फुटतं, पावडरीचं दूध आंबटात पडलं की कणी धरतं आणि घरी काढलेला ताजा रोस, म्हणजे खोबरं वाटून पिळलेलं दूध, जरा हयगय झाली की फुटतो. चवीत मात्र पहिला नंबर त्या ताज्या रोसाचाच. त्यामुळे नुसतं ‘फुटत नाही’ एवढ्यावर खरेदी ठरवण्यात अर्थ नाही. काल्दीन या नारळाच्या दुधातल्या सौम्य कडीला काय चालतं, सोलकढीला काय चालत नाही आणि बांगड्याच्या हुमणाला, म्हणजे वाटलेल्या खोबऱ्याच्या कडीला, यातलं काहीच का लागत नाही, हे एकेक पदार्थ समोर ठेवूनच बघायला हवं.

आधी फुटतं म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. नारळाच्या दुधात खोबरेल तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात. खोबऱ्यातली प्रथिनं त्या थेंबांभोवती पातळ आवरण धरून असतात, म्हणून थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. दूध साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की ही प्रथिनं आवळू लागतात आणि आवरण कमकुवत होतं. त्यावर खळखळून उकळी आली की थेंब एकमेकांवर आपटून मोठे होतात आणि तेलाचा तवंग वर येतो. दुसरं कारण आंबटपणाचं. चिंच, सोलं (आमसुलं), बिंबलं किंवा माडाच्या सुरेचं व्हिनेगर पडून मिश्रणाचा सामू (पीएच) ४ च्या जवळ गेला की प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि रसात पांढरी कणी दिसू लागते. ही दोन दुखणी वेगळी आहेत. सुटलेलं तेल पुन्हा मिसळता येतं. कणी धरली की ती मोडता येते, पण पूर्ववत होत नाही. उष्णता आणि आंबट दोन्ही एकाच वेळी आली तर मात्र काही मिनिटांत भांड्यातला रस चोथा-पाणी होतो. बहुतेक घरांत बिघडतं ते इथेच: कडी उकळत असते, त्यात दाट रोस ओतला जातो आणि वरून चिंचेचा कोळ.

ताज्या रोसापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळ्यांना त्याच्याच मापाने तोलायचं आहे. नारळ पिकलेला, हाताला जड आणि हलवल्यावर पाणी वाजणारा घ्यावा. कोवळ्या नारळात तेल कमी असतं, रोस पातळ आणि गोडसर येतो. फार सुका झालेला नारळ तेलकट लागतो आणि त्याचा रोस लवकर फुटतो. आदोळीवर (विळीवर) खवताना करवंटीपर्यंत जाऊ नये. तपकिरी साल आली की रंग मळतो, विशेषतः सोलकढीत. मध्यम नारळातून साधारण २०० ग्रॅम, म्हणजे सैल भरलेल्या दोन वाट्या खोबरं निघतं. त्याला पाऊण वाटी, सुमारे १८० मिली कोमट पाणी घ्यावं, हाताला सोसेल इतकंच गरम. उकळतं पाणी घातलं तर प्रथिनं मिक्सरच्या भांड्यातच शिजतात आणि रोस पहिल्यापासून रवाळ होतो. थंडगार पाण्यात तेल नीट सुटत नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास घट्ट होतं, त्यामुळे फ्रिजमधलं खोबरं आणि फ्रिजमधलं पाणी ही जोडी सगळ्यात वाईट.

मिक्सर वीस-वीस सेकंदांनी तीनदा फिरवावा. सलग दोन मिनिटं फिरवला तर मिश्रण तापतं, घुसळलं जातं आणि वर लोण्यासारखे गोळे जमतात. पाच मिनिटं तसंच ठेवून पातळ मलमलीतून घट्ट पिळावं. हा दाट रोस, साधारण १५ ते २० टक्के स्निग्धांशाचा. उरलेल्या चोथ्यात दीड वाटी कोमट पाणी घालून पुन्हा फिरवून पिळलं की पातळ रोस. दोन्ही वेगळे ठेवायचे, चुकूनही एकत्र करायचे नाहीत. पातळ रोसात तेल आणि प्रथिनं दोन्ही कमी असतात, तो बिनधास्त उकळता येतो. मसाला, आंबट, मीठ, शिजवणं हे सगळं त्याच्यात उरकून घ्यायचं आणि दाट रोस शेवटी घालायचा. जुन्या पद्धतीतले दोन रोस यासाठीच आहेत.

ताज्या रोसाची मोठी उणीव त्याच्या आयुष्याची. गोव्याच्या दमट उकाड्यात बाहेर ठेवलेला रोस काही तासांत आंबू लागतो. चवीला अजून कळतही नाही, पण सामू खाली आलेला असतो आणि असा रोस चिंचेशिवायही फुटतो. शंका असेल तर पळीभर रोस वेगळा तापवून बघावा. कणी दिसली तर तो कडीत घालू नये. फ्रिजमध्ये तो एक दिवस टिकतो, मात्र वर घट्ट साय धरते. ती सायीची वडी तशीच गरम कडीत टाकली की वितळून सरळ तेल होते. आधी बाहेर काढून, भांडं कोमट पाण्यात ठेवून, ढवळून एकजीव करावा. गोठवलेला ताजा रोस वितळल्यावर फाटलेलाच निघतो, कारण बर्फाचे स्फटिक थेंबांची आवरणं मोडतात. तो वाटणात चालेल, काल्दीनमध्ये नाही.

आता टेट्रा पॅक. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात २०० मिलीचं पाकीट मिळतं. हे दूध कारखान्यात मोठ्या दाबाने बारीक फटीतून ढकललेलं असतं, त्यामुळे तेलाचे थेंब घरच्या रोसापेक्षा कितीतरी लहान असतात आणि सहज वर येत नाहीत. शिवाय त्यात स्थिरक घातलेले असतात. पाकिटाच्या मागे घटकांत हे आयएनएस, म्हणजे खाद्यपदार्थांत मिसळायच्या द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांनी दिसतात: ४१२ म्हणजे ग्वार गम, ४१५ म्हणजे झँथन गम, ४६६ म्हणजे सीएमसी. हे तिन्ही रस दाट करतात आणि थेंबांना हलू देत नाहीत. ४३५ असेल तर तो पॉलिसॉर्बेट ६०, तेल आणि पाणी जोडून ठेवणारा. उकळीतही हे दूध टिकतं त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात या मंडळींना. काही पाकिटांत आणि डब्यांत २२३, म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. घरात दम्याचं माणूस असेल तर तो आकडा जरूर बघावा, कारण सल्फाइट काही दमेकऱ्यांना त्रास देतं.

विकत घेताना समोरच्या चित्रापेक्षा मागचा तक्ता वाचावा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक संस्थेच्या २००३ च्या मानकाप्रमाणे नारळाच्या दुधात किमान १० टक्के, नारळाच्या क्रीममध्ये किमान २० टक्के आणि ‘लाइट’ दुधात किमान ५ टक्के स्निग्धांश असायला हवा. म्हणजे ‘दूध’ एवढंच लिहिलेल्या दोन पाकिटांत दाटपणाचा दुपटीचा फरक असू शकतो. शंभर मिलीला १७ ग्रॅम किंवा त्याहून जास्त स्निग्धांश असेल तर ते दाट रोसाच्या जागी वापरता येतं. १० ते १२ असेल तर त्याला पातळ रोस समजून त्यात मसाला शिजवावा, शेवटी दाटपणासाठी त्याच्यावर विसंबू नये. ‘लाइट’ घेऊच नये. डिंकाने दाट केलेल्या पाण्याचे पैसे कशाला द्यायचे? हिशेब करायचा तर ताज्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला साधारण ३३ ग्रॅम तेल असतं, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त घरच्या पिळणीत उतरतं. त्या मानाने चांगलं २०० मिलीचं पाकीट म्हणजे नीट पिळलेला एक मध्यम नारळ. त्या दिवशीच्या नारळाच्या भावाशी ताडून बघितलं की पाकीट महाग की स्वस्त ते लगेच कळतं.

चवीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. टेट्रा पॅकमधलं दूध काही सेकंद १४० अंशांच्या आसपास तापवून जंतुमुक्त केलेलं असतं. ताज्या खोबऱ्याचा जो हिरवट, गोड वास असतो तो त्यात राहत नाही, त्याजागी शिजलेल्या दुधाचा वास येतो. धणे, जिरं, आलं-लसूण असलेल्या रसात तो झाकला जातो. साध्या, कमी मसाल्याच्या पदार्थात झाकला जात नाही. टिनमधलं दूध याहून जास्त शिजलेलं असतं, पण मोठ्या पंगतीला चारशे मिलीचा डबा सोयीचा. डबा उघडण्याआधी जोरात हलवावा, नाहीतर वरचं घट्ट क्रीम आणि खालचं पाणी वेगवेगळं पडतं आणि माप चुकतं.

पावडर हे सगळ्यात फसवं उत्पादन. हलकी, टिकाऊ, हवी तेवढीच वापरता येणारी. सोय वादातीत आहे. पण नारळाच्या दुधाची भुकटी करायला त्यात माल्टोडेक्स्ट्रिन आणि बहुतेकदा सोडियम केसिनेट मिसळावं लागतं. केसिनेट म्हणजे गाई-म्हशीच्या दुधातलं प्रथिन. ते ४.६ सामूला साकळतं, म्हणजे दुधात लिंबू पिळल्यावर जे होतं तेच इथेही होतं. साध्या भाजीत, गोडात, डाळीत पावडर उत्तम वागते. चिंचेच्या किंवा सोलांच्या रसात मात्र बारीक, रेतीसारखी कणी येते आणि कितीही ढवळलं तरी जात नाही. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी आणि दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य असलेल्यांनी घटक वाचल्याशिवाय पावडर घेऊ नये. वापरताना २५ ग्रॅम पावडर १०० मिली कोमट पाण्यात आधी गुठळ्या मोडून विरघळवावी. उकळत्या कडीवर भुरभुरवली तर प्रत्येक कणाची बाहेरची बाजू चिकट होते, आत कोरडी पावडर राहते आणि त्या गुठळ्या ताटात सापडतात.

चारही प्रकारांची खरी परीक्षा होते ती सुंगटांच्या (कोळंबीच्या) काल्दीनमध्ये, कारण त्यात मसाला सौम्य, रंग फिका पिवळा आणि रस गुळगुळीत असावा लागतो. फुटलेलं लपवायला जागाच नसते. चौघांसाठी सोललेली ३०० ग्रॅम सुंगटं, एक मध्यम नारळ, एक कांदा. वाटणाला दोन चमचे धणे, एक चमचा जिरं, आठ मिरी, अर्धा चमचा हळद, चार लसूण पाकळ्या, अर्धा इंच आलं आणि अर्धा तास भिजवलेला एक चमचा तांदूळ. तांदूळ विसरू नये. त्यातला स्टार्च शिजून रस किंचित दाट करतो आणि तेलाच्या थेंबांना एकत्र येऊ देत नाही. विकतच्या पाकिटातला डिंक जे काम करतो तेच इथे चमचाभर तांदूळ करतो. दहा ग्रॅम चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजवून कोळ गाळून घ्यावा.

चमचाभर तेलात कांदा मऊ करायचा, लाल नाही. वाटण तीन-चार मिनिटं परतायचं. पातळ रोस घालून उकळी आणायची आणि चिंचेचा कोळ आत्ताच घालायचा, मीठ आणि चिरलेल्या तीन हिरव्या मिरच्यांसह. पाच मिनिटं उकळू द्यायचं. आंबट या टप्प्यात सगळ्या रसात पसरून सौम्य होतं, पुढे दाट रोसाला त्याचा एका जागी फटका बसत नाही. व्हिनेगर वापरणाऱ्यांनी तेही एक-दोन चमचे इथेच घालावं. दाट रोसावर वरून व्हिनेगर म्हणजे कणीला आमंत्रण. मग सुंगटं, फक्त तीन मिनिटं, वळून गुलाबी होईपर्यंत. गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं. दाट रोसाच्या वाटीत कडीचा एक डाव घालून ढवळायचा, मग दुसरा, म्हणजे रोस हळूहळू तापतो. आता तो बारीक धारेने भांड्यात ओतायचा आणि गॅस अगदी मंद पेटवून दोन-तीन मिनिटं ठेवायचा. वाफ दिसावी, कडेला बारीक बुडबुडे यावेत, मधोमध उकळी फुटू नये. डाव तळाशी लावून सावकाश फिरवत राहावा, कारण सगळ्यात आधी तापतो तो तळ. एकाच दिशेने ढवळायला हवं असं सांगतात, त्यात काही तथ्य नाही. दिशा कुठलीही चालते, थांबलेला डाव चालत नाही. झाकण ठेवू नये. झाकणाखाली उष्णता कोंडून मंद आचेवरही उकळी येते.

मातीच्या भांड्यात करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. माती गॅस बंद केल्यावरही कित्येक मिनिटं उष्णता सोडत राहते. तिथे दाट रोस गॅस बंद केल्यावरच घालावा आणि पुन्हा पेटवू नये, भांड्याची ऊब पुरते. पातळ ॲल्युमिनियमचं पातेलं उलट, तळाशी एकदम भडकतं आणि मधोमध रस फाडतं. जाड बुडाचं स्टील यासाठी सगळ्यात भरवशाचं.

याच पद्धतीने केलं की ताजा रोस फुटत नाही आणि काल्दीनला जी रेशमी, हलकी गोडी येते ती दुसऱ्या कशाने येत नाही. टेट्रा पॅकने केलेलं काल्दीनही चांगलं होतं. १०० मिली दूध २५० मिली पाण्यात मिसळून पातळ रोस म्हणून आणि उरलेलं १०० मिली शेवटी, हे माप बरोबर बसतं. तांदूळ तेव्हा वगळावा, नाहीतर डिंक आणि स्टार्च मिळून रस खळीसारखा होतो, आणि गार झाल्यावर तर जास्तच. फुटत नाही म्हणून पहिल्यापासून सगळं पाकीट ओतून दहा मिनिटं उकळणं हेही नको. रस टिकतो खरा, पण चव सपाट होते. टिनचा निकाल टेट्रा पॅकसारखाच, वास थोडा जास्त शिजलेला. पावडर काल्दीनला नापास. चिंच निम्मी केली तरी कणी पूर्ण जात नाही, आणि निम्म्या चिंचेचं काल्दीन कोणाला हवं आहे?

बांगड्याच्या किंवा तारल्यांच्या हुमणाला यातलं काहीच घेऊ नये. तिथे दूध नसतं, अख्खं खोबरं मिरच्या-धण्यांबरोबर वाटलेलं असतं. खोबऱ्याचा बारीक चोथा तेलाला धरून ठेवतो, म्हणून हुमण उकळलं तरी सहन करतं आणि सोलंही सहन करतं. तिथे ‘फुटलं’ असं वाटतं तेव्हा बहुतेकदा वाटण जाड राहिलेलं असतं. खोबरं खाली, पाणी वर. उपाय एकच, बोटांत चिमटीत घेतल्यावर रवा लागणार नाही इतकं बारीक वाटणं. रगड्यावर ते सहज होतं. मिक्सरवर थोडं थोडं पाणी घालत थांबून थांबून वाटावं लागतं. वेळ वाचवायला हुमणात पाकिटातलं दूध ओतणं ही तर गोव्याच्या माशाच्या कडीची सरळ हानी आहे. तेफळाचा वास, सोलांचा आंबट आणि वाटलेल्या खोबऱ्याचा भरीवपणा या तिघांचा मेळ दुधात होत नाही.

सोलकढीत उष्णता नसते, तरी आंबट भरपूर. म्हणून ताज्या रोसाची सोलकढीही ठेवली की थर धरते. त्यावर औषध शोधू नये. सोलं आधी भिजवून गाळलेलं पाणी तयार ठेवावं, रोस वेगळा ठेवावा, आणि जेवायला बसताना मिसळावं. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल तर त्यात मीठ असतं, वरचं मीठ चाखूनच घाला. पाकिटातल्या दुधाची सोलकढी तासन्‌तास एकजीव राहते, पण जिभेवर डिंकाचा बुळबुळीतपणा राहतो आणि शिजलेला वास थंड पेयात लपत नाही. पावडरीची सोलकढी तर करूच नये.

मणगण्याला, म्हणजे गोव्याच्या गोड खिरीला, मात्र टेट्रा पॅक बिनधास्त घ्या. चण्याची डाळ आणि साबुदाणा शिजल्यावर गूळ घालून विरघळू द्यावा, गॅस बंद करावा आणि मग दूध घालावं. साबुदाण्याचा स्टार्च आणि गुळाचा वास दोन्ही पाकिटाच्या बाजूने असतात. पावडरही इथे चालते.

फुटलंच तर काय करता येतं? नुसतं तेल सुटलं असेल तर गॅस बंद करून मासे किंवा सुंगटं बाहेर काढावीत. चमचाभर तांदळाचं पीठ दोन मोठे चमचे थंड पाण्यात कालवून, त्यात कडीचा एक डाव मिसळून, परत भांड्यात घालावं आणि मंद आचेवर ढवळत पीठ शिजू द्यावं. शिल्लक असेल तर दोन-तीन चमचे ताजा दाट रोस घालून फेटल्याने आणखी नीट बसतं. कणी धरली असेल तर रस थोडा निववून मिक्सरमधून फिरवून गाळावा. दिसायला सुधारतं, तोंडाला थोडा रवाळपणा राहतो. गरम रस बंद झाकणाच्या मिक्सरमध्ये घालू नये, वाफेने झाकण उडतं. बर्फ टाकण्याचा उपाय टाळावा. रस गार होतो, पण पाणी वाढतं आणि फुटलेलं तसंच राहतं.

आणि प्रत्येक वेळी तेल सुटणं हा दोषही नसतो. शागुतीत भाजलेल्या खोबऱ्याचं तेल वर आलं की मसाला शिजल्याची ती खूण. कालची कडी दुसऱ्या दिवशी आटवून दाट, तेलकट झालेली पावाबरोबर खाण्यात जी मजा आहे ती तेल सुटल्यामुळेच आहे. पाकिटातल्या दुधाची कडी इथे मागे पडते. आटवल्यावर ती तेल सोडायच्या ऐवजी चिकट होत जाते.

घरात एक-दोन टेट्रा पॅक ठेवावेत हे नक्की. अचानक पाहुणे आले, नारळ कोवळा निघाला, वीज गेली, मणगणं करायचं आहे, अशा वेळी ते उपयोगी पडतात. उघडलेलं पाकीट तसंच फ्रिजमध्ये ठेवू नये. दूध काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ओतून दोन दिवसांत संपवावं. वापरण्याआधी पळीभर तापवून बघण्याची परीक्षा त्यालाही लागू आहे. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर डिंकामुळे ताज्या रोसाइतकं फाटत नाही आणि भाजीत किंवा डाळीत एक-दोन खडे टाकायला बरं पडतं.